छाननीदादाने बंदूक उघडली

ऐका, आणि मधे कोणी बोलू नका. मधे कोणी बोललं की माझा स्प्रिंग उडाल्याचा भाग सांगायचा राहतो, आणि तो राहिला तर मग काही अर्थच नाही.

तर आपला छाननीदादा. परवाना कार्यालयात चार नंबरच्या टेबलावर अर्ज तपासायला बसतो, म्हणून छाननीदादा. बारा वर्षांत त्याच्या हाताखालून एक अर्ज चुकीचा पुढे गेलेला नाही. सही रेषेखाली घसरली, अर्ज परत. तारखेत महिना आधी लिहिला, अर्ज परत. एकदा तर त्याने स्वतःच्या साहेबांचा रजेचा अर्ज परत पाठवला, का तर ‘कारण’ या रकान्यात कारणच नव्हतं. असा माणूस. सोमवार ते शनिवार असा. पण रविवारी सकाळी तीन तास तो सैनिक असतो!

हसू नका. एअरसॉफ्ट म्हणतात त्याला. बॅटरीवर चालणारी बंदूक असते, आतून हवेचा झटका बसतो आणि वाटाण्याहून बारीक प्लास्टिकची गोळी सुटते. लागली की झोंबते, लाल वळ उठतो, बाकी काही होत नाही. डोळ्यांवर हा एवढा जाड गॉगल. आणि ज्याला लागली त्याने स्वतःच ‘हिट!’ म्हणून ओरडायचं आणि हात वर करून मैदानाबाहेर जायचं. सगळा खेळ इमानावर. बंद पडलेल्या गोदामामागे मैदान आहे, तिथे ड्रम, लाकडी खोकी, टायर रचून ठेवलेत. दादाच्या टीमचा कॅप्टन म्हणजे त्याचा मेहुणा, वहिनीचा धाकटा भाऊ. दादाची बंदूकही त्याचीच, त्याने नवी घेतली तेव्हा जुनी दादाच्या गळ्यात मारलेली.

तर त्या रविवारी काय झालं, दादा ड्रममागे दबा धरून बसला होता. वीस पावलांवर समोरच्या टीमचा एक पोरसवदा गडी. दादाने श्वास रोखला, नेम धरला, चाप ओढला. बंदूक म्हणाली, ‘घर्रर्र’. आणि गोळी अशी बाहेर आली, जसे गुडघे दुखणारे आजोबा बसमधून उतरतात. बघत बघत, जपून. उतरली आणि दादाच्याच बुटावर पडली.

तो गडी उठून उभा राहिला. गोळीकडे बघितलं, दादाकडे बघितलं, आणि म्हणाला, “काका, जरा सरकता का? मला पलीकडे जायचंय.”

आणि दादा सरकला!

बघा, त्याने गोळी घातली असती तरी दादाला काही वाटलं नसतं. पण त्याने घातलीच नाही. वाया कशाला घालवायची, असा चेहरा करून निघून गेला. वर ‘काका’. दादा छत्तिशीचा आहे हो!

सामना संपल्यावर मेहुणा जवळ आला. “भावजी, राग मानू नका. पण पुढच्या रविवारी परत याच कारखान्याच्या टीमशी गाठ आहे. गेले चार सामने हरलोय त्यांच्याशी. बंदूक चालली तर या. नाहीतर पाण्याच्या पिंपाजवळ बसा, वेळ लावायला कोणीतरी लागतंच.”

“वेळ लावायला?”

“तुमचं घड्याळ चांगलं आहे ना.”

दादाने घड्याळ बाहीखाली ढकललं. आणि घरी जाताना त्याने मनाशी ठरवलं, की बंदूक दुरुस्त करायची. दुरुस्त म्हणजे काय, नव्याहून चांगली करायची. दुकानात द्यायची नाही, स्वतः करायची. आजवर त्याने घरात एक बल्ब बदलला होता, आणि तोही वहिनीने नंतर नीट बसवला होता.

सोमवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर जुना पेपर अंथरला गेला. दादाने आधी व्हिडिओ बघितले सहा. मग काय केलं असेल? तक्ता आखला! ‘स्क्रू क्रमांक, जागा, लांबी, शेरा.’ निघालेला प्रत्येक स्क्रू औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत, डबीवर क्रमांक. शेजारी सासरे खुर्ची ओढून बसलेले. सासरे चाळीस वर्षं लेथवर काम करून निवृत्त झाले आणि सध्या मुलीकडे राहायला होते. त्यांच्या खिशात कायम शिलाई मशीनच्या तेलाची एक बारकी कुपी असते. दाराची बिजागरी, कपाटाचं कुलूप, नातेवाइकांच्या सायकली, जे फिरतं त्याला ते तेल घालतात.

“जावईबापू, आधी स्प्रिंग मोकळी करा हं,” सासरे म्हणाले.

“बाबा, ते तक्त्यात नवव्या पायरीवर आहे. आत्ता सातवी चालू आहे.”

आणि दादाने गिअरबॉक्सची वरची बाजू उचलली.

आता हा तो भाग. आत बोटभर जागेत वीतभर स्प्रिंग दाबून बसवलेली असते. तिला बिचारीला काय माहीत सातवी आणि नववी? ती ‘टण्ण’ करून जी सुटली, ती पंख्याच्या पात्यावर आपटली, तिथून वहिनीच्या घडी केलेल्या कपड्यांवर, तिथून उसळून खिडकीबाहेर! मग खालच्या मजल्यावरून आवाज, “अरे कोण आहे रे?”

खालच्या मजल्यावर इमारतीचे सेक्रेटरीकाका राहतात. ते बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होते आणि स्प्रिंग थेट त्यांच्या झारीत पडली होती. दोन मिनिटांत दारात हजर. दोन बोटांच्या चिमटीत ओली स्प्रिंग, जणू काही मेलेली पाल.

“हे तुमचं?”

“हो. नऊ नंबरची पायरी,” दादा म्हणाला. घाबरल्यावर माणूस काहीही बोलतो.

काकांची नजर टेबलावर गेली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. “बंदूक! इमारतीत बंदूक!”

“अहो काका, खेळातली आहे,” वहिनी म्हणाली.

“खेळातली असली तरी नियम आहेत. लेखी नोटीस देतो!”

आणि खरंच दिली, तासाभरात. दादाने चष्मा लावला, नोटीस वरून खाली वाचली, खालून वर वाचली, आणि दिवसभरात पहिल्यांदा त्याचा चेहरा खुलला. “काका, यावर जावक क्रमांक नाही. तारीख नाही. आणि ‘खालील सदस्यास’ लिहिलंय, पण खाली सदस्यच नाही. ही मला घेता येणार नाही.” काका नोटीस घेऊन गेले. परत आले. मग शिक्का राहिला म्हणून परत गेले. तिसऱ्या खेपेला दम लागून सोफ्यावरच बसले, वहिनीने पाणी दिलं, आणि मग मान पुढे काढून म्हणाले, “पण नक्की बिघडलंय काय हो?”

झालं! नोटीस राहिली टेबलावर आणि काका लागले सल्ला द्यायला. त्यांच्या मते दोष बॅटरीचा. काकू त्यांना शोधत वर आल्या, त्यांच्या मते अशा वस्तू थोडा वेळ उन्हात ठेवल्या की आपोआप नीट होतात, त्यांचा मिक्सर तसाच झाला होता. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई गडबड ऐकून आल्या, त्यांनी तोंडात घालायचा तो बारका आरसा आणून गिअरबॉक्सच्या आत बघितलं आणि म्हणाल्या, “कीड नाहीये.”

खरा दोष सासऱ्यांनी शोधला, हे मान्य करायला पाहिजे. त्यांनी पुढच्या भोकावर बोट दाबून पिस्टन ढकलला. बोटाला काहीच कळेना, हवा मागूनच फुस्स करून निसटत होती. “ही रबरी रिंग गेली कामातून,” ते म्हणाले. “हवा धरतच नाही. गोळी जाणार कशी पुढे?”

दादाने त्याच वेळी सामान मागवलं. एक रबरी रिंग, नळीच्या तोंडाशी बसतं ते एक रबर, आणि असू द्यावी म्हणून एक दणकट स्प्रिंग. बुधवारी पोचणार होतं. बुधवारी पोचलं काय? पार्सल पोस्टात अडकल्याचा निरोप!

दादा हाफ डे टाकून धावला. खिडकीपलीकडे एक बाई. त्यांचं टेबल इतकं नीटनेटकं, की दादाने आपोआप शर्टाची कॉलर नीट केली. आपल्या जातीचं माणूस लगेच ओळखू येतं.

“वर्णनात ‘बंदुकीचे सुटे भाग’ लिहिलंय,” बाई म्हणाल्या. “शस्त्राचा परवाना?”

“खेळातली बंदूक आहे हो.”

“मग तसं लिहायचं.”

“लिहिलं होतं! पुढे कंसात ‘खेळातील, हवेवर चालणारी’.”

बाईंनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. “रकान्यात मावतं तेवढंच येतं. कंस बाहेर गेला. रकान्याबाहेर लिहिलेलं आम्ही धरत नाही.”

हे वाक्य! हे वाक्य दादाने बारा वर्षांत किती लोकांना ऐकवलं असेल! नुसतं ‘खेळणं’ लिहिलं असतं तर पार्सल कधीच घरी आलं असतं. पण खेळणं कसं लिहिणार? ते अचूक नाही ना. दादा भांडायला तोंड उघडत होता ते त्याने मिटलं. “बाई,” तो हात टेकून म्हणाला, “तुमचं अगदी बरोबर आहे.”

खिडकीशी असं कोणी म्हणत नाही. बाई गडबडल्या. “क्लबचं पत्र आणा. ओळखपत्राची प्रत. दोन संच.”

गुरुवारी दादा तीन संच घेऊन गेला. पानांना क्रमांक, वर अनुक्रमणिका, जिथे सही पाहिजे तिथे पेन्सिलने बारीक फुली. बाईंनी पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि त्यांचा आवाजच बदलला. “तुम्ही नोकरीला कुठे असता?” दादाने सांगितलं. बाई उठल्या, आत गेल्या, आणि स्वतः पार्सल हातात घेऊन बाहेर आल्या.

शुक्रवारी जोडणी झाली. रिंग बसली, नवं रबर बसलं, जुनीच स्प्रिंग परत घातली, आणि शेवटी एक स्क्रू उरला. तक्ता असताना स्क्रू उरतो म्हणजे काय? दादाने सगळं परत उघडलं. नंतर कळलं की तो वहिनीच्या चष्म्याचा होता. पुठ्ठ्याच्या खोक्यात जुनी चादर कोंबून त्यावर नेम धरला. टक्! टक्! टक्! गोळ्या जातात! सासऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी म्हणाली, “चादर जुनी होती ना?” नव्हती.

पण शनिवारी दुपारी मैदानावर नेऊन बघतात तर पंधरा पावलं गोळी सरळ, आणि मग नाक खाली करून जमिनीत. दुसरी तशीच. दहावी तशीच. मेहुण्याच्या बंदुकीची गोळी पन्नास पावलं तरंगत जाते.

“दम कमी पडतोय,” सासरे म्हणाले. “ती दणकट घाला.”

घातली. सगळं परत उघडून, तिथेच लाकडी खोक्यावर बसून. होईपर्यंत अंधार पडला, चाचणी राहिलीच.

रविवार. वहिनी आणि सासरेही बघायला आलेले. सामन्याआधी प्रत्येक बंदूक वेग मोजायच्या यंत्रासमोर धरावी लागते. सेकंदाला शंभर मीटरच्या आत असेल तर मैदानात, नाहीतर घरी. वेग जास्त असला तर समोरच्याला इजा होते, त्यामुळे पंच ऐकूनच घेत नाहीत. दादाने छाती काढून चाप ओढला. यंत्रावर आकडा आला, एकशे एकतीस.

“बाहेर,” पंच म्हणाले.

“बाहेर?”

“ह्याने भिंत रंगवणार का खेळणार? चाळीस मिनिटं आहेत. शंभरच्या आत आणा नाहीतर बसा.”

कारखान्याची टीम मागे उभी होती. त्यातला तो मागच्या रविवारचाच गडी म्हणाला, “काका, पिंप तिकडे आहे.” सगळे हसले. मेहुण्याने दुसरीकडे बघितलं, तो हसला नाही, पण दुसरीकडे बघितलं हे दादाला जास्त लागलं. वहिनी म्हणाली, “अहो, जाऊ दे ना. घरी जाऊ या.”

दादा हललाच नाही. पुटपुटत उभा. मग म्हणाला, “पंचसाहेब, लांबवर दोनच गोळ्या मारून बघू?” रिकाम्या बाजूला मारल्या. एवढा वेग, तरी पंचवीस पावलांवर नाक खालीच!

आणि इथे, मित्रांनो, बारा वर्षांची नोकरी कामाला आली. “ताकदीचा रकाना बरोबर आहे,” दादा म्हणाला. “उलट जास्तच भरलाय. तरी अर्ज पास होत नाही. म्हणजे चूक दुसऱ्या रकान्यात आहे!” आणि त्याने गाडीच्या बॉनेटवर रुमाल पसरून बंदूक उघडायला घेतली. आठवड्यात चौथ्यांदा. हात आपोआप चालत होते. आधी स्प्रिंग मोकळी केली, बरं का! नळी काढली, तोंडाशी बसवलेलं ते नवं रबर काढलं, आणि ते त्याच्या बोटांतून मासळीसारखं निसटलं.

“बाबा,” दादा सावकाश म्हणाला, “याला तेल कोणी लावलं?”

सासऱ्यांचा हात खिशाकडे गेला. “काल सकाळी दोन थेंब, आज सकाळी दोन. नळीतून. यंत्र म्हटल्यावर तेल नको?”

“अहो बाबा!” वहिनीने कपाळाला हात लावला.

त्याचं असं आहे, ते रबर गोळीला जाताजाता वरून घासतं. त्याने गोळी उलटी गरगरते, आणि गरगरते म्हणून तरंगते. रबर तेलकट असलं की गोळी नुसती घसरून पुढे जाते आणि पडते. म्हणजे शुक्रवारीच बंदूक पूर्ण नीट झाली होती! फक्त सासरे तिची काळजी घेत होते. बिचारे एवढेसे झाले. “मीच घालवली की तुमची मॅच, जावईबापू.”

“बाबा, हवा जातेय हे तुम्हीच शोधलंत,” दादा म्हणाला. “आता ही स्प्रिंग धरा. घट्ट. आणि ती कुपी हिच्याकडे द्या.”

वहिनीने पर्समधलं हात धुवायचं स्पिरिट काढलं, कान कोरायची कापसाची काडी घेतली, रबर पुसलं, नळी पुसली, परत पुसली. जुनी स्प्रिंग आत. स्क्रू एक, दोन, तीन, तक्त्याकडे न बघता! सव्वीस मिनिटं. यंत्रावर आकडा आला, चौऱ्याण्णव. पंच म्हणाले, “जा.” दादा म्हणाला, “नोंद करा आधी.” पंचांनी नोंद केली, मग गेला.

सामना असा होता, की समोरच्यांच्या बाजूला पिवळा झेंडा, तो आपल्याकडे आणायचा. अर्ध्या तासात आपले सगळे बाद. उरले मेहुणा आणि दादा. मेहुणा डावीकडे टायरमागे अडकलेला, डोकं वर काढता येईना. समोर सहा जण. त्यांचा कॅप्टन झेंड्याशेजारी सरळ ताठ उभा राहून हातवारे करत होता, कारण समोर उजवीकडे फक्त दादा होता, आणि दादा म्हणजे काय, पिंपच.

चाळीस पावलं. दादाने टेकवून नेम धरला. श्वास सोडला. टक्.

काय गेली म्हणून सांगू! सुईत दोरा ओवावा तशी. पंधरा पावलं सरळ, पंचवीस पावलं सरळ, पस्तिसाला जरा वर उचलली आणि जाऊन कॅप्टनच्या खांद्यावर ठप्प. त्याने आधी मेहुण्याकडे बघितलं. मग आकाशाकडे. मग कुठे दादाकडे. “हिट,” तो म्हणाला, आणि असा म्हणाला जसं कोणी फोनवर चुकीचा नंबर लागल्यावर म्हणतं.

दुसरी गोळी, त्या ‘काका’वाल्याच्या दंडावर. “हिट!”

मग मात्र उरलेल्यांची तंतरली. चौघेच्या चौघे झेंडा सोडून दादावर धावले. चारी बंदुका एकदम, फक्त दादावर! तडतड तडतड! दादा ड्रममागून उठला, “हिट!” म्हणून ओरडला, हात वर करून बाहेर जायला वळला, तरी त्यांचं चालूच, इतके घाबरलेले. “अरे हिट! हिट म्हणतोय ना!” आणि तेवढ्यात झेंड्यापाशी कोणीच नाही हे बघून मेहुणा टायरमागून सुटला तो झेंडा उपटून सरळ आपल्या रेषेपलीकडे. शिट्टी!

जिंकलो! चार सामन्यांनंतर जिंकलो! मेहुणा झेंडा घेऊन नाचत होता, सासरे पंचांना मिठी मारत होते. तो गडी आला, गॉगल काढला आणि म्हणाला, “दादा, तुमची बंदूक जरा बघायला मिळेल?” दादा म्हणाला, “नंतर,” आणि थेट वहिनीकडे गेला. शर्ट मागून वर उचललेला, पाठ तिच्याकडे केलेली.

“अगबाई! केवढे वळ हे! दुखतंय का हो?”

“खूप!” दादा म्हणाला, आणि बढतीचं पत्र आल्यावरही माणसाचा चेहरा इतका उजळत नाही. “मोज.”

वहिनीने मोजले. “अकरा.”

“नीट बघ. चौघे मारत होते माझ्या एकट्यावर,” दादा मान वळवून म्हणाला. “मानेखाली एक राहिला असेल. परत मोज.”